ख्रिस्तसभा की सभासदांची संस्था?

सहभागिता हा शब्द अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून फार ऐकू येतो. पोप फ्रान्सिस यांनी बोलाविलेल्या आणि 2021 ते 2024 या काळात पार पडलेल्या सिनोडने आपल्या विषयातच या शब्दाला पहिले स्थान दिले. तेव्हापासून परिपत्रकांत, शिबिरांत आणि सणावारांच्या फलकांवर तो सर्वत्र झळकू लागला आहे. शब्द मोठा आहे; परंतु जो शब्द सर्वांच्या तोंडी होतो तो बहुधा कोणाच्याच हाती राहत नाही. सणानंतरचे स्नेहभोजन, वर्षाकाठची सहल आणि मोबाईलवरील गटात सकाळी सकाळी पाठविलेले एखादे वचन, एवढाच सहभागितेचा सोयीस्कर अर्थ आता रूढ होऊ पाहत आहे. स्नेहभोजनास आमचा विरोध नाही. पंगतीत कोण कोण बसले याचा हिशेब आपण उत्साहाने ठेवतो. बोलावणेच कोणाला गेले नाही, हा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. या लेखात आम्हांला तो मांडावयाचा आहे, आणि मांडावयाचा तर एखाद्या ठिकाणी उभे राहूनच मांडला पाहिजे. ते ठिकाण म्हणजे बारामती तालुक्यातील पणदरे.

वसई-मुंबईकडील वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव ओलांडले की पणदरे लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले आणि दुष्काळी माळाचे उसाचे शिवार झाले. माळेगावचा सहकारी साखर कारखाना हा या परिसराचा आर्थिक प्राण. त्याच्या निवडणुकीत पणदरे हा एक स्वतंत्र गटच धरला जातो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचे गाळप सुरू होते आणि बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येथे उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजदाद असते. एकटा पुरुष वा एकटी स्त्री म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पाच-सहा महिने ही माणसे पाचटाच्या कोप्यांत राहतात. थंडीत पहाटे फडात उतरतात, रात्री-अपरात्री गाडी भरून देतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की आपापल्या गावी परततात.

या टोळ्यांत अधूनमधून ख्रिस्ती कुटुंबेही असतात. नगर जिल्ह्यातील व मराठवाड्यातील आपल्या जुन्या मिशन-गावांची ही लेकरे. त्यांच्या आजा-पणज्यांना दुष्काळाच्या दिवसांत स्नानसंस्कार मिळाला. गळ्यातील काळ्या दोऱ्यात एखादा क्रूस, कोपीच्या कुडाला अडकविलेली एखादी जपमाळ, एवढीच त्यांच्या ख्रिस्तीपणाची बाहेरून दिसणारी खूण. ही माणसे महिनोन् महिने आपल्या देवळाच्या टप्प्यात राहतात. रविवारी आपण वेदीभोवती जमतो तेव्हा ती चार-दोन कोसांवर, कधी त्याहूनही जवळ, फडात असतात. आणि आपल्या धर्मग्रामांतील कोणास विचारावे तर उत्तर ठरलेले: 'ते आपले नव्हेत, बाहेरचे आहेत. हंगाम संपला की जातील.'

आमचा वाद आहे तो या उत्तराशी.

हे उत्तर कोठून आले? आमच्या मते ते शुभवर्तमानातून आलेले नाही. ते आपण भोवतालच्या व्यवहारातून उचलले आहे. सहकारी संस्थेत सभासद आणि बिगर-सभासद असा भेद असतो आणि तेथे तो रास्तही आहे. ज्याने भाग घेतला त्याला मत, त्याच्या उसाची नोंद आधी, त्याला सवलतीची साखर. बाहेरून आणलेल्या उसाला येथे 'गेटकेन' म्हणतात. आधी कोणाचा ऊस गाळावयाचा यावरून सभा गाजतात. या पद्धतीने पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून बाहेर काढले, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. सहकाराची निंदा करण्याचे आम्हांस कारण नाही. पण सहकाराचे नियम सहकाराला शोभतात. ज्या उसावर सभासदाचा मान उभा असतो तो ऊस तोडणारा हात मात्र सभासद नसतो, ही त्या व्यवस्थेची मर्यादा आहे. तीच मर्यादा आपण देवळात आणली. नोंदवहीत नाव, वर्गणीची पावती, दफनभूमीत जागा: असा आपला सभासद झाला. ज्याचे नाव वहीत नाही तो गेटकेन! 'ख्रिस्तसभा' या आपल्या सुंदर शब्दातील 'सभा' तेवढी आपण उचलली आणि तिला सभासद जोडून दिले. ख्रिस्त बाजूला राहिला.

आता शास्त्राकडे वळू. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया' असा आहे. 'सामाईक' या अर्थाच्या शब्दापासून तो बनला. संत पौल हा शब्द प्रभूच्या प्याल्यातील आणि भाकरीतील सहभागासाठी वापरतो. आणि हाच शब्द तो यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीसाठीही वापरतो. एकच शब्द, वेदीसाठीही आणि झोळीसाठीही. याचा अर्थ असा की ख्रिस्तशरीर स्वीकारणे आणि भावाच्या भुकेत वाटा उचलणे ही पौलाच्या लेखी एकाच कृतीची दोन अंगे होती. आपण ती सोडवून वेगळी केली. पहिल्या अंगाला संस्कार म्हटले, दुसऱ्याला समाजकार्य म्हटले आणि दुसरे एखाद्या समितीकडे सोपवून निश्चिंत झालो.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा, अशी वाचकांस विनंती आहे. तेथे तंटा कशावरून झाला? प्रभुभोजनासाठी सर्व जमत. पण ज्यांच्यापाशी होते ते आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि ज्यांच्यापाशी नव्हते ते उपाशी राहत. अभ्यासक सांगतात की सवड असलेले लोक लवकर येत. गुलाम आणि श्रमकरी काम आटोपून उशिरा पोचत. त्या मंडळीत पाखंड शिरलेले नव्हते, प्रार्थना चुकीची नव्हती, विधी अपुरा नव्हता. केवळ वेळ चुकीची होती. तरीही पौलाने त्या जेवणाला प्रभूचे भोजन म्हणण्याचेच नाकारले. आपल्या रविवारच्या मिस्साची सकाळची वेळ कोणाच्या सोयीने ठरली आहे? ज्याला रविवार मोकळा मिळतो त्याच्या. फडात रविवार नसतो. गाळप अहोरात्र चालते आणि तोडणारा ते थांबवू शकत नाही. त्याने एक दिवस चुकविला की त्याच्या नावावर 'खाडा' पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात वळता होतो. करिंथकरांवर जो ठपका आला त्यातून आपण कोणत्या आधारावर सुटू?

येथे काही बंधू म्हणतील की हे भावनेचे बोलणे झाले. ख्रिस्तसभा नियमांनी चालते आणि दुसऱ्या धर्मग्रामाच्या माणसांची जबाबदारी त्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूची. ठीक आहे, नियमच पाहू. 1983 च्या धर्मसंहितेतील नियम 102 सांगतो की एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने जो आला, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिला, त्याचे तेथे उपनिवासस्थान सिद्ध होते. नियम 107 सांगतो की कायम निवास असो वा असा उपनिवास असो, दोहोंमुळे त्या माणसाला त्या ठिकाणचा धर्मगुरू आपला धर्मगुरू म्हणून प्राप्त होतो. विवाहासाठी तर नियम 1115 प्रमाणे एका महिन्याचे वास्तव्यही पुरते. ऊसतोडणी मजूर पाच-सहा महिन्यांच्या बोलीवरच येतो. म्हणजे ज्या दिवशी त्याने पणदऱ्याच्या शिवारात कोपी उभी केली, त्याच दिवशी तो येथल्या धर्मग्रामाचा झाला. तो पाहुणा नाही, उपकारार्थीही नाही. कायद्याने तो आपला आहे. आणि नियम 529 धर्मगुरूवर गरीब, पीडित, एकाकी आणि देशोधडीला लागलेल्या माणसांचा आस्थेने शोध घेण्याचे कर्तव्य टाकतो. 'शोध घेणे' हे क्रियापद लक्षात घ्यावे. कार्यालयात बसून ते येण्याची वाट पाहणे, असा त्याचा अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही.

प्रत्यक्षात काय घडते? टोळीतील एखादे जोडपे तान्ह्या लेकराला घेऊन येते आणि स्नानसंस्काराची विनंती करते. त्यांना सांगण्यात येते, 'तुमच्या फादरांचे पत्र आणा.' ते फादर दोन-अडीचशे किलोमीटरांवर. पत्रासाठी जाणे म्हणजे दोन दिवसांचे खाडे आणि एस. टी. चे भाडे. जोडपे मान हलविते आणि निघून जाते. पुन्हा येत नाही. नोंदीतील चौकशी आवश्यक आहे हे आम्हांस मान्य आहे. विवाहाच्या बाबतीत तर ती अनिवार्यच आहे. पण आज एका धर्मगुरूने दुसऱ्याला दूरध्वनी करावयास किती वेळ लागतो? जे काम कार्यालयाने पाच मिनिटांत करावयाचे ते पोटावर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर का ठेवावे? शिवाय इतिहास पाहिला तर हे अंतर आपणच निर्माण केलेले आहे. 1987 साली नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत नगर आणि बारामती ही दोन्ही पुणे धर्मप्रांतातच होती. या मजुरांचे आई-बाप आणि आपले आई-बाप एकाच महागुरूंची लेकरे होती.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. 'श्रद्धा ही माझी आणि देवाची खाजगी गोष्ट. तीत या सामाजिक भानगडी कशाला?' 2020 च्या टाळेबंदीत देवळांची दारे मिटली तेव्हा पडद्यावरील मिस्सा हा नाइलाज होता. त्यातून काहींनी नाइलाजाची सवय करून घेतली. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे: प्रभूने शिकविलेली प्रार्थना एकवचनात आहे की अनेकवचनात? 'आमच्या' म्हणावयाचे आणि 'माझ्या' मनात धरावयाचे, याला प्रार्थना कसे म्हणावे? जेथे ख्रिस्ती वस्ती दाट आहे तेथे असा खाजगी ख्रिस्ती कदाचित निभावून जाईल, कारण शेजारी-पाजारी त्याला धरून ठेवतात. आपल्याकडे ती सोय नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 10,80,073 ख्रिस्ती मोजले गेले, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही; आणि त्यांतील मोठा भाग मुंबई, वसई आणि पुणे या पट्ट्यात. बारामती-इंदापूरकडे एखाद्या गावी दोन घरे, एखाद्या गावी एकच. तेथे एकट्याचा विश्वास म्हणजे चुलीबाहेर काढून ठेवलेला निखारा. राख धरावयास त्याला वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे. 'कोप्यांवर गेलो तर लोक संशय घेतील, धर्मांतराचा बोभाटा होईल.' आजच्या दिवसांत ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्याच स्नानसंस्कारित भावंडांना भेटावयास जाण्यात लपविण्यासारखे काय आहे? दिवसाढवळ्या जावे, गावच्या सरपंचांना सांगून जावे, औषधपाणी न्यावयाचे तर साऱ्या टोळीसाठी न्यावे. आणि हे आपल्या शेजाऱ्यांना कळणार नाही असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी याच बारामती-इंदापूरच्या वाटेने पंढरीस जाते. दिंडीतला माणूस कोणत्या गावचा हे न विचारता वाटेवरची घरे त्याला भाकरी देतात. ज्यांच्या अंगणात ही रीत आहे त्यांना, ख्रिस्ती माणसे आपल्या परगावच्या भावांची विचारपूस करतात यात वावगे ते काय वाटेल? उलट, आपण ती करीत नाही, हेच त्यांना चमत्कारिक वाटत असेल.

चौथा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही; म्हणून तो आम्ही बोलतो. ही माणसे कोणत्या समाजांतून आली, हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्यातील काहींना ते विसरता येत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. त्या अन्यायाच्या निषेधार्थ ख्रिस्तसभा 10 ऑगस्टला काळा दिवस पाळते. ते योग्यच आहे. मात्र सरकारच्या यादीत आपल्याला जागा नाही म्हणून निषेध करावयाचा आणि आपल्या यादीत ज्यांना जागा नाही त्यांच्याविषयी मौन बाळगावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते? चोखोबा विठ्ठलाच्या दाराबाहेर राहिले, आणि पंढरीचे ते दार उघडावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. हे दाखले आपण उपदेशात आवडीने देतो. आपल्या दाराबाहेर कोण उभे आहे, हे पाहण्यासाठी उपदेशाची गरज नाही. मान वळविली तरी पुरे.

आमच्या म्हणण्याला पूर्वज नाहीत असे कोणी समजू नये. बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना आणि टाकलेल्या स्त्रियांना एकत्र आणून मुक्ती मिशन उभे केले. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. पण सहभागिता कशी असते हे त्यांनी कृतीने दाखविले. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले, आणि ज्यांना जगाने निरक्षर ठेवले होते त्या आश्रमाच्या स्त्रियाच खिळे जुळवून ते छापावयास शिकल्या. रमाबाई 1922 साली गेल्या. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. आलेल्या प्रत्येकीला त्यांनी भाकरी दिली आणि भाकरीबरोबर कामात वाटा दिला. दान घेणारी आणि दान देणारी असा भेद जेथे मिटतो तेथे सहभागिता सुरू होते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात हेच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी शिधा वाढवून दिला नाही. वाटपाचा अधिकारच सात जणांच्या हाती दिला आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यातलीच माणसे कारभारी!

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली: ऊसपट्ट्यातील प्रत्येक धर्मग्रामाने हंगामाच्या आरंभी आपल्या हद्दीतील टोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबे कोणती याची चौकशी करावी आणि त्यांची नावे धर्मग्रामाच्या वहीत लिहावीत. कोयता किती ते मुकादम मोजतो. नावे आपण लिहावीत, नवऱ्याचे आणि बायकोचे वेगवेगळे. दुसरी: महिन्यातून निदान एकदा, त्यांच्या सवडीच्या वेळी, कोप्यांजवळ मिस्सा व्हावा, आणि तेथे धर्मगुरूबरोबर गावातील चार कुटुंबांनीही सतरंजीवर बसावे. धर्मगुरू एकटा गेला तर ती भेट ठरेल; मंडळी गेली तर ती सहभागिता. तिसरी: पत्रे, दाखले, चौकशा हा व्यवहार धर्मग्रामांनी आपसांत करावा, मजुराला खाडा पाडून हेलपाटे घालावयास लावू नये. चौथी: धर्मग्रामाच्या मंडळात हंगामापुरता का होईना, टोळीतील एकाला बसवावे, आणि ती स्त्री असेल तर अधिक बरे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला आणि त्यासाठी समिती नेमली गेली. तोवर त्यांच्या वेदना ऐकणारे कान किती होते? निदान देवळाच्या अंगणात तरी ते असावेत.

या परिसरात अन्य पंथांची देवळेही आहेत; ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बारामतीत काम सुरू केले होते. टोळीतील एखादे कुटुंब त्यांच्यापैकी निघाले तर त्यांना कळवावे. यात कोणाचे सभासद वाढतील हा प्रश्न मनात येईल, त्या क्षणी आपण पुन्हा संस्थेचे झालो असे समजावे.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधून हा लेख संपवितो. गाळपाचा आरंभ होतो तेव्हा उसाची पहिली मोळी जेथे टाकतात त्या जागेला साखर कारखान्यात 'गव्हाण' म्हणतात. आपल्या प्रभूला जन्मल्यावर जेथे ठेविले तिलाही मराठी बायबल गव्हाणच म्हणते. नाताळ येतो तो ऐन हंगामात. त्या रात्री आपण देवळात एक गव्हाण सजवितो, तिच्यात सुके गवत अंथरतो, दिवे लावतो. त्याच रात्री कारखान्याची गव्हाण चालू असते, आणि तिच्यासाठी मोळ्या बांधणारी, स्नानसंस्कार झालेली काही माणसे थंडीत फडात उभी असतात. त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आपण दरवर्षी वाचतो. कोणाला मिळाली नाही आणि कोणी दिली नाही, याचे उत्तर या हंगामात पणदऱ्याने, आणि पणदऱ्यासारख्या प्रत्येक धर्मग्रामाने, द्यावयाचे आहे.